खिल्लारे सरांची उसण

आमच्या गावात कुणाच्या पाठीत उसण भरली की तो आधी दवाखान्यात जात नसे, शाळेत जाई. शाळेत विज्ञान शिकवणारे खिल्लारे सर पायाळू होते. जन्मताना ज्याचे पाय आधी बाहेर येतात तो पायाळू, आणि पायाळू माणसानं दुखऱ्या पाठीला पाय लावला की उसण उतरते, असं आमच्याकडे मानतात. सर स्वतः हे अजिबात मानत नव्हते. तरी मधल्या सुट्टीत व्हरांड्यात कुणी ना कुणी कंबर धरून उभा असायचाच.

सर चप्पल काढायचे, पण लगेच पाय लावायचे नाहीत. आधी प्रश्न विचारायचे. छातीत दुखतं का? दम लागतो का? रात्री घाम येऊन अंग भिजतं का? सगळ्याला 'न्हाई' आलं की माणसाला खांबाकडे तोंड करून उभं करायचे आणि तळवा पाठीला नुसता टेकवायचे. एकालाही 'व्हय' आलं की चप्पल पुन्हा पायात.

"हे माझ्या पायाचं काम न्हाई. हिंगोलीला जा."

"सर, एकडाव लावा तर खरं."

"आधी डॉक्टरला दाखव. मग दोन्ही पाय लावतो."

मी नववीत असताना धीर करून त्यांना विचारलं होतं, की पुरावा असल्याशिवाय काही मानू नका असं तुम्हीच शिकवता, मग हे कसं? सरांना राग आला नाही. म्हणाले, "पायात काही न्हाई, दिलीप. पण ह्या पायासाठी माणूस माझ्यापुढं येऊन उभा राहतो. एरवी मास्तरला कोण सांगतं, की मला रात्री घाम येऊन राहिला म्हणून?"

'पुरावा काय?' हे तर त्यांचं जपासारखं चालायचं. पोरं घरी त्यांची नक्कल करायची. एका मुलानं गृहपाठाची वही कुत्र्यानं फाडली असं सांगितलं. सर म्हणाले, पुरावा काय? दुसऱ्या दिवशी त्यानं कुत्रंच दोरीनं बांधून आणलं. वर्ग हसून लोळायच्या बेतात होता. सरांनी मात्र गंभीरपणे खाली बसून कुत्र्याचं तोंड उघडून पाहिलं, वहीवरच्या खुणा पाहिल्या आणि म्हणाले, "मंजूर. त्याला बाहेर सोड आणि बस."

ते उंच होते, थोडे वाकलेले. कपडे कायम स्वच्छ, इस्त्रीचे. पण उजव्या हाताची दोन बोटं हळद लागल्यासारखी पिवळी होती. ती बिडीची पिवळाई. शाळेच्या आवारात त्यांनी कधी बिडी पेटवली नाही. मागच्या भिंतीपलीकडे एक बाभूळ होती, तिच्याखाली गावातले चार बिडीवाले बसायचे, त्यांच्यात सर जाऊन बसायचे. भिंतीवरून धूर वर आला की आम्हाला कळायचं, अजून पाच-दहा मिनिटं दंगा करायला हरकत नाही. मग सर बडीशेप चघळत वर्गात यायचे आणि आम्हाला फुप्फुसाची आकृती काढून दाखवायचे. ती फळ्यावरची आकृती इतकी सुबक असायची की पुसायला मन व्हायचं नाही.

त्यांच्या बिडीबद्दल मी वाईट कसं बोलू हेही मला कळत नाही. माझे बाबा सालगडी होते. मी दहावी झालो आणि बाबांनी मलाही एका शेतकऱ्याकडे सालानं ठेवायचं ठरवलं. सर घरी आले. उंबऱ्यावर बसले, बाबांना एक बिडी दिली, स्वतः एक घेतली. दोघं काही न बोलता ओढत बसले. बिडी संपल्यावर सर म्हणाले, "ह्याला हिंगोलीला कॉलेजात घालू."

"सर, आमच्या घरात आजवर कुणी..."

"म्हणूनच तर."

बाबांनी मान हलवली. त्या दिवशी बाबांना कुणी पटवलं, सरांनी की सरांच्या बिडीनं, असं आई अजून विचारते. पुढं मी पदवीधर झालो, सेनगावच्या कचेरीत नोकरीला लागलो. आमच्या घरात सही करणारा मी पहिला. हे त्या उंबऱ्यावरच्या बसण्यामुळे झालं, एवढं मला पक्कं माहीत आहे.

बिडी सोडायचा प्रयत्न त्यांनी केला नाही असं नाही. दरवर्षी चौदा एप्रिलला, जयंतीच्या दिवशी, पांढरे कपडे घालून पंचशील घेतलं की ते खिशातला बंडल काढून काकूंच्या हातात द्यायचे. काकू म्हणजे त्यांच्या पत्नी मालनकाकू. त्या तो बंडल चुलीत टाकायच्या. कधी पेरणीपर्यंत निभायचं, कधी त्याआधीच सर बाभळीखाली दिसायचे. काकू शेजारणींना सांगायच्या, "आमच्या घरची बिडी दरसाल नांदायला जाते अन् दरसाल भांडून माघारी येते."

त्या बाभळीखाली सरांचा जोडीदार होता किसनभाऊ, ट्रॅक्टर चालवणारा. एकाच काडीवर दोघांच्या बिड्या पेटायच्या. एके दिवशी किसनभाऊ बाभळीखालून उठून व्हरांड्यात आला. म्हणाला, पाठीत चमक निघून राहिली, पाय लावा. सरांनी प्रश्न विचारले. किसनभाऊ हसत हसत 'व्हय, व्हय' म्हणत गेला. सरांनी त्याला नुसतं पाठवलं नाही, स्वतः जीपनं हिंगोलीला आणि पुढं नांदेडला घेऊन गेले. फुप्फुसाचा कॅन्सर होता, आणि तो पाठीच्या हाडात उतरला होता. पुढची पेरणी किसनभाऊनं पाहिली नाही. त्याला अखेरीला पाठीवर झोपता यायचं नाही. खाटेवर बसल्या बसल्या, गुडघ्यावर डोकं टेकवून तो झोप काढायचा. सर रोज त्याच्याजवळ जाऊन बसत.

हे सगळं आधी सांगायचं कारण असं, की पुढं जे झालं त्यात सरांना काहीच माहीत नव्हतं असं कुणी समजू नये.

सर निवृत्त झाले त्यानंतरची गोष्ट. दिवाळीला मी पाया पडायला गेलो, तर सर खुर्चीवर तिरपे बसलेले. डावं खांद्याचं पातं दाराच्या चौकटीला घासत होते.

"काय झालं, सर?"

"उसण. धान्याचं पोतं उचललं होतं."

काकू आतून म्हणाल्या, "पोतं दसऱ्याच्या आधी उचललं होतं. दोन पोत्यांचं पीठ होऊन खाऊन झालं, उसण हाय तिथंच हाय."

गावात हसू झालं. पायाळू मास्तरलाच उसण भरली, आता ह्यांना पाय कोण लावणार? सरही हसायचे. पण हसताना हात छातीवर जायचा. दुखणं पाठीत सुरू व्हायचं आणि बगलेखालून पुढं छातीत यायचं. काकूंच्या धाकानं ते एकदा हिंगोलीच्या एका डॉक्टरकडे एकटेच जाऊन आले. आल्यावर ईसीजीची पट्टी सगळ्यांना दाखवली. "हा पुरावा. हृदय एकदम बराबर हाय." लोकांनाही तेच ऐकायचं होतं. छातीत दुखणं म्हणजे हृदय, आणि हृदय चांगलं म्हणजे माणूस चांगला. मलाही सुटल्यासारखं वाटलं.

पण काकूंना नाही वाटलं. तुरी खळ्यावर आल्या त्या सुमाराला मला त्यांचा फोन आला. "तू येऊन बघ. मला ते काही सांगत न्हाईत. शर्ट ढिला होऊन राहिला अन् म्हणतात शिंप्यानं मोठा शिवला. दोन वर्षांचा जुना शर्ट आता मोठा शिवला?"

मी शनिवारी मोटरसायकल घेऊन गेलो. सर तयारच होऊन बसले होते. मला बरं वाटलं. वाटलं, दवाखान्यात यायला तयार झाले. हिंगोली आली. मी दवाखान्याच्या रस्त्याला वळायला लागलो तर मागून खांद्यावर हात पडला.

"सरळ घे. औंढ्याकडं."

तिकडे लोक देवदर्शनाला जातात, पण सर देवळात जाणारे नव्हते. औंढ्याला त्यांचं काय काम, हे मला कळेना. पण त्यांना उलट विचारायची सवय मला कधीच नव्हती. औंढ्याच्या अलीकडे एका खेड्यात त्यांनी गाडी थांबवायला लावली. घरापुढच्या अंगणात एक धिप्पाड बाई तुरी बडवत होती. तिचं नाव पारूबाई. सर उतरले, धाप लागली म्हणून थोडं थांबले आणि म्हणाले, "बाई, तुमी पायाळू ना?"

तिनं काठी बाजूला ठेवली. "व्हय. कुणाला लावायचा?"

"मला."

"तुमी कुठले?"

सरांनी गावाचं नाव सांगितलं. बाई त्यांच्याकडे पाहतच राहिली. "म्हणजे ते पायाळू मास्तर तुमीच की. आमच्या इथून बी लोक यायचे तुमच्याकडं. तुमी सोताच पायाळू, तुमाला मी काय पाय लावू?"

"पायाळूनं पायाळूला लावू नये असं कुठं हाय का?"

"तसं न्हाई."

"मग लावा. तुमाला आधी काही विचारायचं असलं तर विचारा."

"मी काय विचारू? दुखतं कुठं तेवढं सांगा. आमी काही मास्तर न्हाई, सर."

मी सरांच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. तो एकदम सैल पडला. परीक्षेला बसलेल्या पोराला पेपर पुढं ढकलल्याचं कळावं, तसा.

ते सारवलेल्या जागेवर पालथे झाले. पालथं होतानाच त्यांनी दात आवळले होते. बाईनं लुगडं खोचलं, पदर सावरला, पाया पडल्यासारखं करून टाच त्यांच्या डाव्या पात्याखाली ठेवली. सर आमच्या गावात पाय नुसता टेकवायचे. पारूबाईची पद्धत वेगळी होती. तिनं भार दिला.

सरांच्या तोंडून जो आवाज निघाला तो मी माणसाच्या तोंडून तोवर ऐकला नव्हता. ओरडणं नव्हतं ते. श्वास आत जाता जाता मध्येच अडकावा तसा आवाज. पारूबाई घाबरून मागं सरली.

"सर, लई तकलीफ झाली का? मी तर हलकाच दिला."

सर उठेनात. मी त्यांना कुशीवर वळवलं. कपाळावर घाम, ओठ पांढरे. पारूबाई पाणी आणायला धावली. थोड्या वेळानं ते उठून बसले आणि तिला म्हणाले, "तुमची काही चूक न्हाई, बाई. बरं वाटलं." ती बिचारी तुरीच्या ढिगाजवळ उभी राहून रडू लागली. निघताना सर तिला पुन्हा म्हणाले, "तुमी तुमचं काम केलं."

मोटरसायकलवर त्यांना दहा मिनिटंसुद्धा बसवेना. रस्त्यालगतच्या एका चहाच्या टपरीवर आम्ही थांबलो. चहा समोर निवत होता. सरांनी बंडल काढला, त्यातली एक बिडी घेतली, दाताखाली धरली आणि तशीच परत काढली.

"तिनं मला काही विचारलं न्हाई, दिलीप."

"हो सर."

"म्हणूनच गेलो होतो."

मी चहा त्यांच्याकडे सरकवला.

"दिवाळीपासून रोज मी मलाच विचारून राहिलो. छातीत दुखतं? व्हय. दम लागतो? व्हय. किसनला विचारले तेच प्रश्न. मला उत्तरं माहीत हाईत रे. मला फक्त असं कुणीतरी पाहिजे होतं, की ज्याला ती माहीत करून घ्यायची न्हाईत."

ती बिडी त्यांनी न पेटवताच बंडलात परत सारली.  मी काकूंना फोन लावला, गाडी टपरीवरच ठेवली आणि सरांना एका जीपमध्ये बसवून हिंगोलीला आणलं. काकू सापडेल त्या जीपनं हिंगोलीला आल्या. आम्ही तिघं डॉक्टरांपुढं बसलो तेव्हा दुपार कलली होती.

डॉक्टर तरुण होते. त्यांनी सरांना ओळखलं. "मागच्या वेळी मी छातीचा एक्स-रे सांगितला होता. काढला का?"

सर खाली पाहत होते. काकूंनी मान वळवून त्यांच्याकडे पाहिलं. एक्स-रेचं त्यांनी पहिल्यांदाच ऐकलं होतं.

"आणि व्यसन काही नाही म्हणालात तुम्ही," डॉक्टर म्हणाले.

"कोण म्हणालं न्हाई?" काकूंनी विचारलं.

"हेच म्हणाले."

"साहेब," काकू म्हणाल्या, "माह्या लग्नाच्या फोटोत ह्यांच्या हातात बिडी हाय."

डॉक्टरांना हसू आलं होतं, पण काकूंचा चेहरा पाहून ते हसले नाहीत. काकूंच्या डोळ्यांत पाणी होतं आणि हात सरांच्या हातावर होता, घट्ट, पळून जाणाऱ्या पोराला धरावं तसा.

"खोटं बोललो," सर म्हणाले. "कॉलेजात असल्यापासून ओढतो. रोज एक बंडल, कधी जास्त. छातीत दुखतं, पाठीत दुखतं, जिना चढला की दम लागतो. वजन उतरलं." मग डॉक्टर काही विचारायच्या आधीच म्हणाले, "रात्री घाम पण येतो."

एक्स-रे त्याच दिवशी निघाला. डॉक्टरांनी तो उजेडापुढं धरला आणि बोट न दाखवता नुसतं पाहत राहिले. सरांनी खुर्चीतूनच पाहिलं. जी आकृती त्यांनी आम्हाला इतक्या वेळा काढून दाखवली होती, तिच्यात डावीकडे, वरच्या अंगाला, एक पांढरट गोळा होता.

नंतर नांदेड. सीटी स्कॅन, सुई घालून काढलेला तुकडा, आणि मग त्या तुकड्याच्या तपासणीची वाट. ते दिवस फार अवघड गेले. सर घरात फिरायचे, चौकटीशी थांबायचे, पुन्हा फिरायचे. खाटेवर आडवे झाले की पाठीखाली निखारा ठेवल्यासारखे उठून बसायचे. कुणी भेटायला आलं की काकू दारातच सांगायच्या, धीराच्या गोष्टी सांगू नका, त्यांना आवडत न्हाई. बिडी त्यांनी बंद केली होती. ह्या वेळी जयंतीची वाट पाहिली नाही आणि बंडल काकूंच्या हातातही दिला नाही. तो कुठं गेला हे काकूंनी विचारलं नाही.

त्यातच एक दिवस ते काठी घेऊन शाळेमागच्या बाभळीकडे गेले. मी सोबत होतो. तिथं बसलेल्यांनी सरांना पाहून बिड्या मागं लपवल्या, शाळेतल्या पोरांसारख्या.

"लपवू नका," सर म्हणाले. "मी हिसकावायला न्हाई आलो. एक सांगायला आलो. डॉक्टरनं मला विचारलं अन् मी खोटं बोललो. पट्टी दाखवून तुमाला बी फसवलं. तुमी फसू नका."

त्यांच्यात रामराव म्हणून एक जण होता, तोंडाचा फटकळ, तो म्हणाला, "सर, तुमी दुसऱ्याला धाडत राहिले अन् सोता काहून गेले न्हाई?"

"भ्यालो," सर म्हणाले. एवढंच. आणि माझ्या खांद्यावर हात ठेवून परत फिरले.

पुढच्या वेळी आम्ही नांदेडला निघालो तेव्हा रामराव जीपपाशी पिशवी घेऊन उभा होता. त्याला खोकला होता, म्हणे पुष्कळ दिवसांपासून. सरांनी त्याला आपल्या शेजारी जागा करून दिली. सगळी वाट दोघं पिकापाण्याचं बोलत राहिले.

तपासणीचं उत्तर आम्हाला ज्याची भीती होती तेच आलं. तिथले डॉक्टर माझ्याशी बोलायला लागले तेव्हा सर म्हणाले, "साहेब, हा माझा विद्यार्थी हाय. पेशंट मी हाय. मला सांगा." डॉक्टरांनी सांगितलं. गाठ बरगडीत शिरली होती. ती काढून टाकता येणार नव्हती. किरणांचे शेक देता येणार होते, औषधं होती.

सरांनी किती दिवस उरले ते विचारलं नाही. ते म्हणाले, "आडवं झोपता येईल का?"

"म्हणजे?"

"पाठीवर. माझा एक दोस्त बसून बसून गेला."

डॉक्टरांनी फाईल मिटली. "खात्री देत नाही," ते म्हणाले. "पण शेक त्यासाठीच आहेत. तुम्ही आणखी लवकर यायला हवं होतं."

"ते मला माहीत हाय," सर म्हणाले. "आता जे होईल ते करा."

शेक सुरू झाले. सरांचा पुण्यात नोकरीला असलेला मुलगा रजा काढून आला, तो आणि काकू सरांना घेऊन नांदेडला खोली करून राहिले. मी फोन करत असे. पहिल्या काही दिवसांत काकू म्हणायच्या, काही फरक न्हाई, भिंतीला टेकून बसतात. नंतर म्हणाल्या, उलटी होऊन राहिली. मग काही दिवस त्या फोनवर नुसतं 'हूं' म्हणायच्या. मी विचारायचं सोडून दिलं. सगळे मिळून गावी परत आले तेव्हा मला कचेरीच्या कामातून लगेच निघता आलं नाही.

मी गेलो त्या दिवशी कडक ऊन होतं. गावात चिटपाखरू नव्हतं. सरांच्या दाराशी पोचलो आणि हाक मारायला तोंड उघडणार, तेवढ्यात काकू आतून आल्या आणि त्यांनी माझ्या तोंडावर हात ठेवला. त्यांच्या हाताला कांद्याचा वास होता. डोळे लाल होते. 

त्यांनी मला मनगटाला धरून मागच्या पडवीत नेलं. तिथं खाटेवर सर होते. फार बारीक झालेले. उशी नव्हती. पाठ पूर्ण टेकलेली, दोन्ही हात अंगापासून लांब पसरलेले, तोंड थोडं उघडं. मी छातीकडे पाहत राहिलो. ती हळूच वर झाली, खाली गेली, पुन्हा वर झाली.

"सकाळी चहा पिऊन जरा पडतो म्हणाले," काकू माझ्या कानाशी कुजबुजल्या. "तवापासून असेच हाईत. मी सैपाक बी अर्धा ठेवला, भांडं वाजंल म्हणून."

एक माशी सरांच्या कपाळावर बसली. काकूंनी पदरानं ती अलगद उडवली आणि खाटेजवळ खाली बसल्या. मीही बसलो. मला सरांशी खूप बोलायचं होतं. ऊन पडवीच्या कडेपर्यंत आलं, तसं आम्ही दोघांनी खाटेला हात न लावता, खांबांना एक धोतर बांधून त्यांच्यावर सावली केली.

संध्याकाळच्या बसची वेळ झाली तरी ते उठले नाहीत. मी पायाकडून नमस्कार केला आणि निघालो. काकू दारापर्यंत आल्या नाहीत. त्या तिथंच, पदर हातात धरून, सरांकडे पाहत बसल्या होत्या.